३५ वर्षांचा स्ट्रायकर पेठेच्या संघात घ्यावा का?

गंगावेस_गॅलरी

मंडळी, हंगाम तोंडावर आलाय. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) नोंदणीला थोडेच दिवस उरलेत आणि आमच्या संघाकडं एका स्ट्रायकरचं नाव आलंय. बोलणी चालू आहेत म्हणून नाव लिहीत नाही. संघाचंही लिहीत नाही, पेठेत ज्याला कळायचं त्याला कळेलच.

वय ३५. एके काळी आय-लीगमध्ये नियमित, मग आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) बराच काळ बेंचवर, गेली दोन वर्षं गोव्याच्या संघाकडून नोंदणी. उंची भरपूर, हेडर अजून जबर, चेंडू पायात आला की चिकटतो. वेग मात्र उतरलाय हे उघड आहे. उजव्या पोटरीची दुखापत गेल्या वर्षी झाली होती, ती बरी झाली असं तो सांगतो.

मागणी हंगामाचे साडेतीन लाख, त्यातले अर्धे आधी. राहणं-जेवण वेगळं. दुसरीकडं आमच्याकडं १९ वर्षांचा पेठेतलाच पोरगा आहे, गेल्या हंगामात ९ नंबरला, म्हणजे मुख्य स्ट्रायकर म्हणून, तोच खेळला. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो नावाला गर्दी येईल, दुसरा म्हणतो म्हातारा घोडा कशाला.

घ्यावा का? घ्यायचाच तर आधी काय तपासावं, आणि पैसे कसे द्यावेत? भावनेवर नको, हिशोबानं सांगा.

शिट्टी_वाजली

नको. आणि कारण वय नाही, कारण नाव आहे. नाव विकत घेतलं की प्रशिक्षकाला ते बसवता येत नाही.

आयएसएलचा पहिला हंगाम आठवा, २०१४. दिल्ली डायनामोजनं देल पिएरो आणला, १० सामने, १ गोल. आपल्या बालेवाडीत एफसी पुणे सिटीकडून त्रेझेगे ९ सामने खेळला, २ गोल. दोघंही विश्वविजेते. २०१६ला पुण्यानं गुडयॉनसनला घेतलं, हंगाम सुरू व्हायच्या आधीच तो जखमी झाला आणि धावपळ करून सिसोकोला आणावं लागलं. २०१७-१८ला केरळा ब्लास्टर्सनं बर्बाटॉव्ह घेतला, ९ सामन्यांत १ गोल. त्याचा टच शेवटपर्यंत देखणाच होता. पण टच दाखवायला आधी चेंडूपाशी पोचावं लागतं.

आता मोठं उदाहरण घ्या. मँचेस्टर युनायटेडनं २०२१ला रोनाल्डोला परत आणलं. त्यानं लीगमध्ये १८ गोल केले, म्हणजे त्याचं काम त्यानं केलं. संघाचं काय झालं? आदल्या हंगामात ७४ गुण आणि दुसरा नंबर होता, तो ५८ गुण आणि सहावा नंबर झाला. संघाचे गोल ७३ वरून ५७ वर आले आणि खाल्लेले गोल ४४ वरून ५७ झाले. सगळं खापर एकट्यावर फोडता येणार नाही, बचाव आणि मधली फळी दोन्ही ढिसाळ होती. पण पुढचा माणूस चेंडूवाल्याला दाबायला धावत नसेल तर प्रतिस्पर्ध्याचा सेंटर बॅक (मधला बचावपटू) मान वर करून, सावकाश बघून पास देतो. मग तुमची मधली फळी दहा पावलं मागं सरकते, बचाव आणखी मागं, आणि अख्खा संघ लांब होतो. एका माणसाचं न धावणं दहा जणांच्या पायांत येतं.

साडेतीन लाखांत १९ वर्षांखालच्या पोरांना वर्षभर चांगला प्रशिक्षक मिळेल. बघा बुवा.

डावखुरा_१०

शिट्टीभाऊ, आकडे बरोबर आहेत पण सोयीचे तेवढेच उचललेत. आयएसएलचे सगळ्यात धारदार स्ट्रायकरही वयस्करच होते की. एफसी गोव्याचा कोरो ३४ व्या वर्षी आला आणि तीन हंगामांत १८, १६ आणि १४ असे ४८ गोल करून गेला. ओगबेचेनं हैदराबादकडून २०२१-२२ला १८ गोल केले तेव्हा तो ३७ वर्षांचा होता, आणि फातोर्ड्याच्या फायनलमध्ये टायब्रेकरवर केरळाला हरवून हैदराबाद विजेता ठरला. छेत्रीनं २०२४-२५ला चाळिशीत १४ गोल केले.

फरक कुठं पडला ते बघायला पाहिजे. देल पिएरो, त्रेझेगे ही मंडळी आली तेव्हा ती लीग दोन-अडीच महिन्यांची होती आणि सामने एकावर एक. कोरो आला तो अशा संघात जिथं चेंडू त्याच्या पायापर्यंत आणून द्यायची व्यवस्था होती. त्याला ५० मीटर पळायला कुणी सांगितलंच नाही. पेनल्टी बॉक्समध्ये पाच-सात मीटरची धाव, तीही योग्य क्षणी. छेत्री तर कधी सरावाबाहेर गेलाच नव्हता. आणि ओगबेचेच्या त्या हंगामाची एक गोष्ट लोक विसरतात: सगळे सामने गोव्यातच झाले होते, विमानप्रवास शून्य. म्हाताऱ्या पायांना प्रवास फार छळतो. कोल्हापुरात तसंच आहे की. लीग असो की नॉकआउट, सगळं शाहू स्टेडियमवर. घरून चालत जा, चालत या.

म्हणून पहिला प्रश्न 'तो कसा आहे' हा नाही, 'तुम्ही कसे खेळता' हा आहे. तुमचा खेळ मागून लांब चेंडू मारून पोरानं पळायचं असा असेल, तर नका घेऊ. सहा सामन्यांत त्याची मांडी जाईल. पण तुमचे विंगर बाहेरून क्रॉस घालत असतील, कॉर्नर-फ्री किकवर तुम्ही गोल करत असाल, तर उंच आणि शांत डोक्याचा माणूस सोन्याचा आहे.

अजून एक. त्याला एकट्याला पुढं ठेवू नका. ४-४-२ खेळा, म्हणजे पुढं दोघं, तुमचा १९ वर्षांचा पोरगा त्याच्या शेजारी. म्हातारा बचावपटूला पाठ लावून चेंडू धरेल, पोरगा मागच्या मोकळ्या जागेत पळेल. दाबायचं काम पोरगा सुरू करेल आणि म्हाताऱ्यानं फक्त प्रतिस्पर्ध्याच्या बचावात्मक मधल्याकडं जाणारी वाट अडवायची. त्याला धावायला लागत नाही, उभं कुठं राहायचं ते कळायला लागतं, आणि ते या वयाला चांगलं कळतं. इब्राहिमोविचनं मिलानमध्ये हेच केलं. जानेवारी २०२०ला ३८ व्या वर्षी आला, उरलेल्या हंगामात लीगचे १८ सामने, १० गोल, आणि भोवती सगळी पोरं पळणारी. तो करारसुद्धा आधी सहा महिन्यांचाच होता, पुढचं वर्ष वाढवायची सोय ठेवून. ही सोय विसरू नका.

हायलाइटचा व्हिडिओ पाठवला असेल तर तो बघूच नका. शेवटचे चार-पाच पूर्ण सामने मागा आणि साठाव्या मिनिटानंतरचं बघा. चेंडू आपल्याकडं नसताना तो चालतो की सरकतो? बॉक्समध्ये चेंडूला किती वेळा पाय लागला? गोल मोजताना पेनल्टी वजा करा. पेनल्टीवरचे गोल स्ट्रायकरचं वय लपवतात.

टाच_आणि_पोटरी

फिजिओचं काम करतो, तेवढ्यापुरतं लिहितो. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

आधी हृदय. पस्तिशीनंतर मैदानावर खेळाडू कोसळण्याचं मुख्य कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा हे असतं, आणि तो साध्या ईसीजीत दरवेळी दिसत नाही. म्हणून ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (ट्रेडमिलवर पळवून घेतलेला ईसीजी), तिन्ही करा. रिपोर्ट हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा, मंडळातल्या ओळखीच्या कंपाउंडरला नको.

मग स्नायू. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) किंवा पोटरी पुन्हा जाण्याचा सगळ्यात मोठा इशारा म्हणजे ती आधी गेलेली असणं. वय त्यात भर घालतं. 'बरी झाली' या शब्दाला किंमत नाही, मोजून बघा.

पोटरीसाठी: एका पायावर उभं राहून, भिंतीला फक्त बोटं टेकवून, टाच पूर्ण वर उचलायची. दोन सेकंदांना एक, लय ठेवून. दर वेळी टाच तेवढीच वर गेली पाहिजे, गुडघा वाकला की थांबवा. २५ च्या आसपास झाले तर ठीक. दोन पायांत चार-पाचांपेक्षा जास्त फरक दिसला तर ती पोटरी बरी झालेली नाही, फक्त दुखायची थांबलीय. हीच चाचणी गुडघा थोडा वाकवूनही घ्या, कारण खोलवरचा सोलियस स्नायू तेव्हा कामाला लागतो आणि तिशीपुढच्या फुटबॉलपटूंना तोच जास्त छळतो.

वेगासाठी: ३० मीटर, सहा वेळा, मध्ये २५ सेकंद विश्रांती. सहाही वेळा लिहून ठेवा. सगळ्यांची बेरीज घ्या, तिला सर्वात चांगल्या वेळेच्या सहापटीनं भागा. १०० टक्क्यांपेक्षा जेवढे टक्के जास्त येईल तेवढी घसरण. पाच टक्क्यांच्या आत असेल तर बरं. हातातल्या स्टॉपवॉचनं चूक होते, म्हणून माणूस बदलून-बदलून ठेवू नका, शेवटपर्यंत एकानंच वेळ घ्या. आणि हे कसून गरम झाल्यावर, संध्याकाळी. प्रवास करून आल्या दिवशी चाचणी घेतली तर माणूस तुमच्याच मैदानावर जखमी होईल.

घेतलाच तर नॉर्डिक व्यायाम पहिल्या दिवसापासून. गुडघ्यावर बसायचं, कुणीतरी घोटे धरायचे, पुढं हळूहळू झुकत जायचं. पहिल्या आठवड्यात एकदाच, ५ चे २ सेट. दुसऱ्या आठवड्यात दोनदा, ६ चे २. मग तीन सेटवर जा. सामन्याच्या आधीचे दोन दिवस नको, सुरुवातीला मांडी फार धरते. हा व्यायाम नीट करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यावर आल्याचं अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडं तो तीन दिवस होतो आणि बंद पडतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे म्हाताऱ्या खेळाडूला सरावात पळवायचंच नाही. जपतो म्हणून आठवडाभर जॉगिंग, आणि रविवारी सामन्यात एकदम पूर्ण वेगाची धाव. मांडी तिथंच फाटते. आठवड्यातून एकदा तरी जवळजवळ पूर्ण वेगाच्या चार-सहा धावा झाल्याच पाहिजेत. बाकीचा सराव कमी करा, हा नको. नॉकआउटला सामने तीन-चार दिवसांवर येतात, तेव्हा मधला एक सराव बस्स.

एप्रिल-मेमध्ये मैदान कडक होतं, लांब स्टडचे बूट त्याला घालू देऊ नका. पोटरीवर आणि टाचेवरच्या नसेवर सगळा झटका जातो.

कागद_आधी

कमिट्या फसतात ते पैशात आणि कागदात, म्हणून त्याबद्दल.

त्याची शेवटची नोंदणी गोव्यात आहे म्हणता, म्हणजे एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) सीआरएस या खेळाडू-नोंदणीच्या प्रणालीत तो गोवा फुटबॉल असोसिएशनखाली असणार. तिथून विफाकडं (महाराष्ट्राची फुटबॉल संघटना) आंतरराज्य बदली करून घ्यावी लागेल. जुन्या संघाचं ना-हरकत लागेल. जुन्या संघाशी त्याचा करार अजून शिल्लक असेल तर ते महिनाभर लटकवू शकतात. तो व्यावसायिक म्हणून नोंदलेला असेल आणि तुम्ही हौशी म्हणून नोंदवणार असाल, तर फिफाच्या नियमानं व्यावसायिक म्हणून खेळलेल्या शेवटच्या सामन्यापासून ३० दिवस जावे लागतात. तसंच एका हंगामात तीन संघांकडं नोंदणी चालते पण अधिकृत सामने दोघांकडूनच खेळता येतात. त्यानं या हंगामात आधीच दोन संघांची जर्सी घातली असेल तर तुमचा प्रश्नच मिटला. बाहेरच्या खेळाडूंची केएसएची मर्यादा त्या हंगामाच्या परिपत्रकात वाचा, गेल्या वर्षीची धरून चालू नका. तो आल्यानं दुसरा कुठला बाहेरचा खेळाडू सुटतोय हेही बघा. बहुतेक वेळा तुम्हाला सेंटर बॅकची गरज असते आणि जागा स्ट्रायकर खातो.

साडेतीन लाखांतले अर्धे आधी? अजिबात नाही. असं मांडा: वैद्यकीय तपासणी आणि बदली दोन्ही पूर्ण झाल्यावर ५० हजार. पाच महिने, दरमहा ३० हजार, म्हणजे दीड लाख. उरलेले दीड लाख सामन्यांवर. लीग आणि नॉकआउट मिळून १५ सामने धरा, खेळला त्या सामन्याचे १० हजार. रक्कम तीच राहते, फक्त जोखीम वाटली जाते. जो खेळायला येतोय त्याला हे मान्य होतं. जो पैशाला येतोय तो इथंच कटतो.

गोलमागं बक्षीस ठेवू नका. शेजारी पोरगा रिकाम्या गोलसमोर उभा असताना हा वाकड्या कोनातून फटका मारेल. बक्षीस द्यायचं तर संघाच्या विजयाला द्या, सगळ्यांना सारखं.

करारात तीन ओळी हव्यात. आधीच्या दुखापतीमुळं सलग २१ दिवस बाहेर राहिला तर महिन्याचा हप्ता थांबेल. रेफ्रीशी हुज्जत घालून किंवा मारामारी करून बंदी आली तर त्या सामन्यांचे पैसे नाहीत. परवानगीशिवाय सेव्हन-अ-साइड (सात-सात जणांची) स्पर्धा खेळायची नाही. ही तिसरी ओळ लोक विसरतात आणि शनिवारी रात्री दिव्याखाली कुठल्यातरी गावच्या स्पर्धेत पोटरी जाते. पैसे बँकेतून द्या. पेठेची वर्गणी आहे, हिशोब दाखवता आला पाहिजे.

शिट्टी_वाजली

बंदीवरून आठवलं. मुंबई सिटी २०१६ला गुणतक्त्यात पहिली होती, फोर्लान ३७ व्या वर्षी चांगला खेळत होता, केरळाविरुद्ध हॅटट्रिकही मारलेली. सेमीफायनलच्या पहिल्या लढतीत कोलकात्यात तो लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, मुंबई ती २-३ हरली आणि परतीच्या सामन्यात मुंबईला एक गोल सापडेना. ०-० आणि घरी. सगळी टांगणी एका खुंटीला लावली की असं होतं.

टायब्रेकर_तज्ज्ञ

एक बारीक मुद्दा कुणी घेतला नाही. आपल्या नॉकआउटचे किती सामने टायब्रेकरला जातात ते सगळ्यांना माहीत आहे. नियमानुसार खेळ संपताना जे मैदानावर असतात त्यांनाच पेनल्टी मारता येते. म्हाताऱ्याला सुरुवातीपासून खेळवून दमला म्हणून काढलात, तर तुमचा सगळ्यात शांत पाय बाकावर बसून बघत राहील. त्याला शेवटच्या २५-३० मिनिटांतच आणा आणि एक बदली त्याच्यासाठी राखून ठेवा.

मात्र बाकावरून उठवून थेट आत ढकलू नका. आत जायच्या आधी १०-१२ मिनिटं नीट गरम होऊ दे, मध्यांतरातही बसवून ठेवू नका.

गंगावेस_गॅलरी

सगळ्यांचे आभार. काल सराव मैदानावर चाचणी घेतली, तो आदल्या दिवशीच येऊन राहिला होता. ३० मीटरच्या वेळा सेकंदांत अशा: ४.५२, ४.५८, ४.६६, ४.७९, ४.८८, ४.९७. एकाच माणसानं घड्याळ धरलं. टाच उचलणं डावीकडं २७, उजवीकडं १६. ईसीजी आणि इको नॉर्मल, टीएमटी सोमवारी आहे. हप्त्यांची मांडणी त्यानं कुरकुर न करता मान्य केली. सूत्रानं घसरण ४.७ टक्के येते, म्हणजे पास ना?

टाच_आणि_पोटरी

४.७ बरोबर आहे, पण या आकड्यांत सरासरी फसवतेय. पहिल्या तीन धावांत घसरण थोडीच आहे, चौथीपासून घसरगुंडी, आणि सहावी पहिलीपेक्षा १० टक्क्यांनी संथ. म्हणजे इंजिन चांगलं आहे, टाकी लहान आहे. ९० मिनिटांचा स्ट्रायकर म्हणून नापास, अर्ध्या तासाचा म्हणून पास.

खरी अडचण २७ आणि १६ ही आहे. ११ चा फरक घेऊन त्याला कडक मैदानावर उतरवलं तर उजवी पोटरी पहिल्या महिन्यातच जाईल. एक दिवसाआड टाच उचलण्याचे ३ सेट, सुरुवातीला दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग पाठीवर सॅकमध्ये ५ किलो वजन घेऊन. गुडघा सरळ आणि वाकवून, दोन्ही. सहा आठवडे लागतील. उजवीकडं २२ होईपर्यंत सामना नाही.

कागद_आधी

मग ५० हजारांतले २५ बदली झाल्यावर आणि २५ उजवी पोटरी २२ ला पोचल्यावर द्या, तसं करारात लिहा. आणि साडेतीन लाख नव्वद मिनिटांच्या माणसाची मागणी होती. अर्ध्या तासाच्या माणसासाठी सामन्याचे १० हजार सहावर आणा, महिन्याचे तेवढेच ठेवा. एकूण २ लाख ९० हजार.

डावखुरा_१०

आणि ९ नंबरची जर्सी पोराकडंच राहू दे. याला १९ द्या.